जनुक-नियमनातील फरक शोधताना या चुका टाळा

दोन व्यक्तींच्या किंवा दोन प्रजातींच्या ऊतींमध्ये एखाद्या जनुकाच्या आरएनएचे (त्यावरून पेशीत उतरवल्या जाणाऱ्या रेणूचे) प्रमाण वेगळे आढळले, की त्याचे नियमनच, म्हणजे ते कधी व किती चालू राहावे यावरचे नियंत्रणच, बदलले असे मानण्याची घाई होते. तसे म्हणण्याआधी इतर कारणे एकेक करून बाजूला सारावी लागतात.

सर्वांत महागात पडते ती नमुन्यांच्या मांडणीतील चूक. 2014 मध्ये माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना करणाऱ्या एका गाजलेल्या अभ्यासात ऊतींचे गट अवयवांनुसार न पडता प्रजातींनुसार पडले. पुढच्याच वर्षी संशोधक योआव गिलाड आणि ओर्ना मिझराही-मान यांनी तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा दोन्ही प्रजातींचे बहुतेक नमुने वेगवेगळ्या बॅचमध्ये (एकत्र चालवलेल्या नमुन्यांच्या गटांत) सिक्वेन्स झाल्याचे, म्हणजे यंत्रावर वाचले गेल्याचे, दिसले. बॅचचा परिणाम वजा करताच ऊती अवयवांनुसार एकत्र आल्या. एका बॅचमध्ये फक्त माणूस आणि दुसरीत फक्त उंदीर असेल, तर संख्याशास्त्राची कोणतीही करामत हा गुंता सोडवू शकत नाही. त्यामुळे नमुने पहिल्या दिवसापासून मिसळूनच चालवावेत.

रक्ताच्या नमुन्यांत पेशींचे प्रमाण तपासायला विसरू नये, कारण संसर्गामुळे न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले तरी त्यांच्यातील जनुके ‘वाढलेली’ दिसतात. तसेच दोन्ही प्रजातींच्या आरएनएचे वाचलेले तुकडे एकाच प्रजातीच्या संदर्भ जिनोमशी (तिच्या संपूर्ण डीएनएच्या प्रमाण नोंदीशी) जुळवल्यास दुसरीचे बरेच तुकडे गळतात. प्रत्येकीला तिचाच जिनोम वापरावा आणि दोन्हींत समान असलेले भागच मोजावेत.

डीएनएतील बदल सापडला की जवळच्या जनुकाकडे बोट दाखवणे, हीसुद्धा नेहमीची चूक. प्रौढ वयातही दूध पचवू देणारा, युरोपात सर्रास आढळणारा बदल एमसीएम6 या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाची माहिती नसलेल्या भागात) आहे. नियमन मात्र तो सुमारे 14,000 बेस (डीएनएची अक्षरे) दूर असलेल्या, दुधातील साखर पचवणाऱ्या लॅक्टेजच्या जनुकाचे करतो.

बदल जनुकालगतच्या डीएनएत आहे की दूरच्या एखाद्या नियामक प्रथिनात, याचा उलगडा, शक्य असेल तिथे, संकरित जीवात करावा. तिथे दोन्ही पालकांकडून आलेल्या त्या जनुकाच्या प्रती एकाच केंद्रकात, त्याच प्रथिनांच्या सहवासात असतात. म्हणून त्यांच्या आरएनएतील फरक टिकला तर कारण त्या प्रतीच्याच डीएनएत असते, आणि मावळला तर ते इतरत्र शोधावे लागते. प्रत्यक्षात अनेकदा दोन्ही कारणे एकत्र असतात, त्यामुळे फरक पालकांच्या तुलनेत किती उरला हे मोजल्याशिवाय निवाडा देऊ नये.