पूरपट्ट्यातल्या पोरांना पुराची तयारी शिकवायची तर सुरुवात टेपने करा

पहिल्या वर्षी माझं चुकलंच. शाळेच्या व्हरांड्यात पोरं बसवली, मोबाईलवर पुराचे फोटो दाखवले, पाऊण तास बडबड केली आणि शेवटी विचारलं, पूर आला की काय करायचं? तिसरीतलं एक पोरगं ताडकन उठून म्हणालं, "सुट्टी!" सगळी खो खो हसली. भाषण त्या दिवसापासून बंद.

हे सगळं पंचगंगा-कृष्णेकाठच्या गावांसाठी आहे हां. माळीण, तळीये, इर्शाळवाडीसारख्या दरडीखालच्या वस्त्यांची गोष्ट वेगळी, तिथे डोंगर विचारून खाली येत नाही. आमच्याकडं पाणी इंचाइंचानं चढतं, वेळ भरपूर मिळतो, आणि नेमका तोच वेळ लोक "एवढ्यात काय होतंय" म्हणत घालवतात.

म्हणून पहिला धडा नंबरचा. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका पातळी, सांगलीत आयर्विन पुलाला हेच ४० आणि ४५. पावसाळ्यात प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे आकडे फिरत असतात पण ३९ म्हणजे आपल्या दारात काय, हे पोराला कुणी सांगत नाही. मे महिन्यात पोरांच्या हातात टेप द्या. २०२१ ला बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर गेलेलं, त्याची खूण अजून बऱ्याच भिंतींवर आहे. उंबऱ्यापासून खुणेपर्यंत मोजायचं. चार फूट भरलं तर ढोबळमानानं ५२ ला पाणी उंबऱ्याला. बंधाऱ्याजवळच्या गावात हा हिशोब बऱ्यापैकी जमतो, लांबच्या गावात नाही जमत, तिथे म्हाताऱ्या माणसांना विचारत फिरायचं की किती फूट झालं तेव्हा पाणी कुठवर आलं होतं, आणि पोरांना हे फिरणं जाम आवडतं.

पण खरी गंमत पुढे आहे. घराचा नंबर ५२ असला तरी बाहेर पडायच्या रस्त्यावरचा ओढा समजा ४४ लाच भरतो. म्हणजे घर कोरडं ठणठणीत आणि आपण अडकलेले. २०१९ ला असे कितीतरी लोक माडीवर बसून बोटीची वाट बघत होते. तर पोराने दाराच्या आतल्या बाजूला खडूने दोनच आकडे लिहायचे, रस्त्याचा आणि घराचा, आणि निघायचं ते रस्त्याच्या आकड्याच्या दोन फूट आधी. आठ वर्षांचं पोरगं रोज सकाळी ग्रुपवरचा आकडा वाचून "अजून तीन फूट" असं ओरडायला लागलं ना, की घरातला बापमाणूस पण हलतो.

पिशवीचं फार सांगत नाही, सगळ्यांना माहितीये. आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, बॅटरी, शिट्टी, भडंगाचा पुडा. फक्त पिशवी पोराला स्वतः भरू द्या. आणि आईचा किंवा मामाचा, एक तरी नंबर तोंडपाठ पाहिजे, मोबाईल बंद पडला की सेव्ह केलेले नंबर गेले सगळे. जोडीला ११२ आणि जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७.

आता जनावरं. निम्मी भांडणं इथे होतात. पोरगं परत मागे पळतं ते शेरडाच्या करडासाठी नाहीतर कुत्र्यासाठी, वहीसाठी कुणी पळत नाही. त्यामुळे "मागे जायचं नाही" एवढंच सांगून काही होत नाही, जनावर कधी आणि कुणाच्या रानात हलवायचं हे पोरासमोर आधी ठरवा. अगदीच राहिलं तर मोठ्या माणसानं निघताना दावं सोडायचं, बांधलेलं जनावर बांधल्या जागी मरतं. दावं सुटलेलं पोराने डोळ्याने बघितलं की मग ते शांत चालतं.

ज्या पोरांना पोहता येतं त्यांची मला जास्त भीती वाटते. पुलावरून उड्या मारणारी ही पोरं, यांना सांगायचं की पुराच्या पाण्यात खाली तार आहे, विहीर आहे, वाहून आलेलं लाकूड आहे आणि काही म्हणजे काही दिसत नाही. चालायची वेळ आलीच तर मोठ्या माणसाचा हात धरून, पुढचा काठीनं चाचपत चालेल तसं, विजेच्या खांबाला हात न लावता. बोटीचा सराव अंगणातच होतो: खडूने बोट आखा, सहा जणांची जागा ठरवा आणि दहा पोरांना बसायला सांगा. ढकलाढकली सुरू झाली की थांबवा आणि सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावचं सांगा, ८ ऑगस्ट २०१९ ला तिथे माणसं जास्त झाली म्हणून बोट उलटली आणि माणसं गेली. आधी लाईफ जॅकेटचे पट्टे, मग खाली बसायचं, उभं राहायचं नाही, बोट भरली तर पुढच्या फेरीला थांबायचं. थांबायचा सराव सगळ्यात अवघड जातो, तोच दोनदा घ्या.

पाणी ओसरल्यावर पोरं लगेच गाळात खेळायला धावतात. गाळात, भांड्याखाली, गादीत साप असतो. चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मोठ्याला हाक मारायची आणि १०८. पाणी उकळून किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) टाकूनच प्यायचं.

शेवटी एकदा रात्री, लाईट घालवून, घरच्या घरी. "४२ झालं" असं ओरडायचं आणि घड्याळ लावायचं. एका घरी पोरं पिशवी घेऊन दोन मिनिटांत दारात, पण आजीचा चष्मा सापडेना म्हणून सगळं घर पंधरा मिनिटं अडकलं. आता नातीनं त्या चष्म्याला दोरी बांधलीय आणि झोपताना तो पिशवीच्याच खिळ्याला लटकतो.