विद्यापीठ बदलताना पिशवीत काय काय हवं

बाबांची बदली झाली आणि बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपवून मी विदर्भातून पुण्याला आले. क्रेडिट, म्हणजे पास केलेल्या पेपरांचं श्रेय मोजायचं एकक, आता 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' (एबीसी) या ऑनलाइन बँकेत जमा असतात, आयडी दिला की काम झालं, अशी माझी समजूत होती. प्रवेशाच्या खिडकीवर ती पाच मिनिटांत उतरली.

एबीसीचा, म्हणजे हल्ली ज्याला अपार म्हणतात तो बारा आकडी आयडी बहुतेकांनी कॉलेजच्या तगाद्यामुळे काढलेला असतो, पण आत कुणी डोकावत नाही. डिजिलॉकर उघडून प्रत्येक सत्राचे क्रेडिट चढलेत का ते बघा. आपल्याला ते स्वतः चढवता येत नाहीत, विद्यापीठच चढवतं. माझं दुसरं सत्र कोरं होतं. परीक्षा विभागात अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. 'बघतो' म्हणणाऱ्या सरांना पुढच्या खेपेला तुम्ही आठवत नसता, शिक्का मात्र त्यांना ओळखू येतो.

नाव जुळतंय का ते त्याच दिवशी तपासा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी. एवढ्यावर सहसा अडत नाही. माझ्या आधारवर बाबांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त होता, तिथे अडलं. दहावीच्या सनदेला प्रमाण माना आणि आधार तिच्याशी जुळवून घ्या. उलट करायला गेलात तर बोर्डाच्या फेऱ्या सुरू होतात.

आता खरं काम, अभ्यासक्रमाचं. बँकेत दिसतो तो आकडा. त्या आकड्यात तुम्ही काय शिकलात ते नवीन विभागप्रमुखांना कळायला हवं. राज्यातल्या नव्या रचनेत सत्राला 22 क्रेडिट, म्हणून माझे 44 त्यांच्या 44 शी बरोबर जुळले. पण माझं मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीचा दुय्यम विषय, त्यांच्याकडे नव्हतंच, आणि रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक आमच्याकडे एका क्रेडिटचं, त्यांच्याकडे दोनचं. प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तास, थिअरीचा 15. त्यामुळे फक्त विषयाचं नाव दाखवून भागत नाही. प्रत्येक पेपरचा कोड, क्रेडिट, तास आणि घटकवार मजकूर असलेली पानं हवीत, तीही तुम्ही शिकलात त्याच वर्षाच्या अभ्यासक्रमाची आणि प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी. जुन्या गावात असतानाच ती घ्या. मी नुसती पीडीएफ घेऊन आले होते, शिक्क्यासाठी रात्रभराचा प्रवास करून परत जावं लागलं. प्राचार्य मॅडमनी शिक्का मारला तो दोन मिनिटांत! प्रयोगवहीही रद्दीत टाकू नका. माझ्या त्या एका क्रेडिटचा वाद जर्नलमधले प्रयोग मोजूनच मिटला.

कितव्या वर्षी निघताय याचाही हिशोब करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2021 च्या नियमांत, जी संस्था पदवी देणार तिथे निदान निम्मे क्रेडिट कमावण्याची अट आहे. तीन वर्षांच्या पदवीचे 132 धरले तर पहिल्या वर्षानंतर 44 मागे राहतात, चालून जातं. दुसऱ्यानंतर 88 मागे राहतात आणि गणित फसतं, तेव्हा आधी लेखी विचारा. शिक्षणात खंड पडला असेल तर क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स केले असतील तर त्यांचीही प्रमाणपत्रं बरोबर ठेवा.

एटीकेटी असेल तर ती लपवू नका, गुणपत्रिकेवर दिसतेच.

टीसी आणि मायग्रेशन, म्हणजे जुन्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र, मात्र सगळ्यात शेवटी. नवीन कॉलेजाने कुठले पेपर मान्य, कुठले पुन्हा द्यायचे हे कागदावर दिल्याशिवाय जुन्या ठिकाणचं नाव काढू नका. माझ्या वर्गातल्या एकाने उत्साहात आधीच टीसी काढली आणि महिनाभर तो कुठलाच विद्यार्थी नव्हता. प्रवेश मिळाला तरी तो तात्पुरता असतो. विद्यापीठाकडून पात्रता, म्हणजे सगळे म्हणतात ती 'एलिजिबिलिटी', आली की पक्का. तिथे मूळ मायग्रेशन जमा होतं, म्हणून त्याआधी झेरॉक्स काढून ठेवा, मागची बाजूही. जावक क्रमांक कधीकधी मागेच असतो.