कोण कुठे बसणार? रिसेप्शनचे फलक आणि नावाची कार्डं

कागद कुठला घ्यावा, सोनेरी फॉइल करावं का, हे माझ्याकडे येणारे सगळे आधी विचारतात. मी उलट विचारते, पाहुण्यांना फक्त टेबल ठरवून देणार आहात की खुर्चीसुद्धा? बाकीचं सगळं या उत्तरावर अवलंबून असतं.

फक्त टेबल ठरवायचं असेल तर दाराशी एक फलक आणि टेबलांवर ठळक आकडे, एवढं पुरतं. खुर्चीही ठरलेली असेल तर प्रत्येक जागेवर नावाचं कार्ड हवं. त्याशिवाय टेबल कुठलं हे सांगणारं काहीतरी दाराशी लागतंच, नाहीतर लोक नावं वाचत प्रत्येक टेबलाला प्रदक्षिणा घालतात. तिसरा प्रकार म्हणजे दाराशी मांडून ठेवलेली आणि प्रत्येकाने आपापलं उचलून न्यायची कार्डं. यादी शेवटच्या आठवड्यापर्यंत हलणार असेल (ती हलतेच), तर मी हाच प्रकार सुचवते. बदल झाला तर एक कार्ड बदलायचं, अख्खा फलक पुन्हा छापायचा नाही. आणि सगळे येऊन-जाऊन, हवं तिथे बसणार असतील तर खर्च वाचवा. ज्येष्ठांसाठी ‘राखीव’च्या चार पाट्या करा आणि सोडून द्या.

फलक करणार असाल तर नावं आडनावांच्या क्रमाने लावा, टेबलांनुसार नको. टेबलनिहाय चौकटी फोटोत देखण्या दिसतात हे खरं. पण ज्याला आपलं टेबलच माहीत नाही, त्याला त्या सगळ्या चौकटी वाचाव्या लागतात. पन्नासेक पाहुण्यांपर्यंत हे निभावतं, पुढे फलकासमोर घोळका साचतो. ए१ आकाराच्या, म्हणजे ५९४ × ८४१ मिलिमीटरच्या फलकावर तीन रकाने आणि ओळीला १८ मिलिमीटर जागा धरली, तर शंभर-सव्वाशे नावं आरामात मावतात. त्याहून जास्त असतील तर अक्षरं बारीक करू नका, दुसरा फलक करा आणि दोन्ही जरा लांब-लांब उभे करा.

संगणकाने लावलेला क्रम एकदा डोळ्यांखालून घाला. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ‘क्षीरसागर’ हे क च्या गटात जातात आणि ते स्वतः मात्र यादीच्या शेवटी नाव शोधत राहतात.

लांबून वाचायच्या पाटीचा ढोबळ हिशेब असा: ३ मीटर अंतरासाठी २५ मिलिमीटर उंचीचं अक्षर. टेबलाचा आकडा ६ मीटरवरून दिसायला हवा असेल तर तो किमान ५ सेंटिमीटर उंच हवा, आणि फुलांच्या सजावटीच्या वर. टेबलांना फुलांची किंवा नद्यांची नावं देण्याची हौस असेल तर जरूर द्या, पण शेजारी आकडाही लिहा. ‘निशिगंध’ कुठे आहे हे कुणाला विचारायचं? ७ मात्र ६ च्या पुढे सापडतो.

देवनागरीला वर मात्रा, वेलांट्या आणि खाली उकार असतात, त्यामुळे दोन ओळींत अंतर जरा सढळ ठेवा. फलकासाठी मला ‘मुक्ता’ आवडतो, कार्डांसाठी ‘तिरो देवनागरी मराठी’. दोन्ही फाँट मोफत आहेत, आणि तिरोमध्ये ल आणि श आपल्या मराठी वळणाचे मिळतात. छापखान्याला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे मजकुराऐवजी आकृत्यांत बदलून द्या. त्यांच्या संगणकावर फाँट नसला तर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. प्रूफ कागदावर मागा, मोबाइलवर आलेल्या फोटोवर होकार देऊ नका.

उभ्या घडीच्या कार्डाला २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन तितके ग्रॅम असलेला) कागद घ्या. त्याहून पातळ कार्ड पंख्याच्या वाऱ्याने आडवं होतं. घडीच्या जागी क्रीझिंग करून घ्या, म्हणजे घडीची रेघ आधी दाबून घ्या, नाहीतर जाड कागद कडेला चिरतो. घडी घातल्यावर ९ × ५ सेंटिमीटर हे माप बरं पडतं. नाव दोन्ही बाजूंना छापा, म्हणजे समोर बसलेल्यालाही कळतं आपण कुणाशी बोलतोय. हाताने लिहिणार असाल तर चकचकीत कोटिंगचा कागद टाळा, शाई वाळत नाही आणि बोट लागलं की फासते.

आरशासारख्या अॅक्रिलिकबद्दल माझं मत वाईट आहे. त्यात दिवे दिसतात, बघणाऱ्याचा चेहरा दिसतो, नावं दिसत नाहीत. क्रीम कागदावर सोनेरी अक्षरांचंही तेच, पिवळ्या उजेडात ती विरून जातात. सोनेरी हवंच असेल तर किनारीला वापरा आणि नाव गडद शाईत ठेवा.

नावांचं शुद्धलेखन ज्याचं त्याला विचारून घ्या. श्री., सौ., डॉ. लावायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नको. ‘आणि कुटुंब’ फलकावर चालतं, खुर्चीवर नाही. तिथे लहान मुलाचंही स्वतःचं कार्ड हवं.

टेबलांचे आकडे आणि कोरी कार्डं आधी छापून घ्या, ती यादीवर अवलंबून नसतात. फलक सगळ्यात शेवटी. कोरी कार्डं दहा टक्के जास्तीची ठेवा आणि त्याच शाईचं पेन घेऊन अक्षर चांगलं असलेल्या कुणालातरी दाराशी बसवा.