लोडिंग झोन आखायचा आहे? आधी मिनिटं मोजा

रस्त्याच्या कडेला माल उतरवणाऱ्या गाड्यांसाठी पिवळा पट्टा मारला, एक फलक ठोकला, झाला लोडिंग झोन, अशा समजुतीवर बरीच कामं उरकली जातात. तीन महिन्यांनी बघावं तर पट्ट्यावर कुणाच्या तरी मोटारी निवांत उभ्या असतात आणि ट्रक पूर्वीसारखाच रस्त्याच्या मधोमध फाळका पाडून माल उतरवत असतो. मागे बस अडकलेली, सायकलवाला त्याला वळसा घालून भर वाहतुकीत शिरलेला. अशा वेळी दोष चालकाच्या बेशिस्तीला दिला जातो. खरं तर तो पट्टा चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या मापाचा किंवा चुकीच्या वेळेचा असतो, आणि तिन्ही चुकांचं मूळ एकच: गाडी किती मिनिटं थांबते हे कुणी मोजलेलंच नसतं.

मोजणी

एका वेळी एकच रस्ता घ्या, एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, दोन्ही बाजू. आठवड्यातला सगळ्यात गर्दीचा एक दिवस आणि एक साधा दिवस निवडा आणि सकाळी ६ ते रात्री ९ माणसं बसवा. साधारण १०० मीटरला दोन माणसं पुरतात. दर १५ मिनिटांनी फेरी मारून उभ्या गाड्या मोजायची पद्धत इथे कामाची नाही. कुरिअरवाला चार मिनिटांत येऊन जातो, तो दोन फेऱ्यांच्या मध्ये निसटतो, आणि तुमच्या कागदावर फक्त तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्या उरतात. म्हणून प्रत्येक गाडीची आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायची. सोबत गाडीचा प्रकार, माल कुठल्या दारात गेला, किती खेपा झाल्या आणि गाडी नेमकी कुठे उभी होती: कडेला, दुसऱ्या रांगेत, फूटपाथवर की सायकल मार्गावर.

दोन नोंदी हमखास राहून जातात. पहिली, जागा न मिळाल्याने चक्कर मारून परत आलेली गाडी. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये डिलिव्हरीच्या गाड्यांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन थांब्यांमधल्या प्रवासाच्या वेळेपैकी सरासरी २८ टक्के वेळ जागा शोधण्यात जात असल्याचं दिसलं. हे फिरणं गल्लीतल्या लोकांना ‘वाढलेली रहदारी’ म्हणून जाणवतं, पण गाड्या त्याच असतात. दुसरी, दुरुस्तीवाल्यांच्या गाड्या. लिफ्ट, नळ, एसी दुरुस्त करणारे दोन-तीन तास हलत नाहीत. त्यांना लोडिंगच्या जागेत बसू दिलं की ती जागा दिवसभरासाठी गेलीच. त्यांची गरज खरी आहे, पण सोय वेगळी करावी लागते.

किती जागा लागतील

समजा, गर्दीच्या तासाला १२ गाड्या येतात आणि प्रत्येक सरासरी २० मिनिटं थांबते. १२ गुणिले २० म्हणजे २४० मिनिटं, भागिले ६०, म्हणजे चार. इथे थांबून लोक चार जागा आखतात. पण गाड्या रांगेत ठरल्या वेळी येत नाहीत. दहा मिनिटं एकही नसते, मग तीन एकदम येतात. टेलिफोन लाइनींसाठी वापरतात ते एरलांगचं सूत्र इथेही चालतं. त्यानुसार चार जागा असतील तर येणाऱ्या दर १०० गाड्यांपैकी ३१ गाड्यांना सगळ्या जागा भरलेल्या दिसतील. पाच केल्या तर २०, सहा केल्या तर १२, सात केल्या तर ६. त्या ३१ गाड्या घरी परत जात नाहीत, दुसऱ्या रांगेत उभ्या राहतात.

आता तेच गणित उलट बाजूने करा. थांबण्याचा वेळ २० वरून १५ मिनिटांवर आणला, तर पाचच जागांत फक्त ११ गाड्या अडतात. म्हणजे पाच मिनिटं वाचवली की एक अख्खी जागा वाचली. गर्दीच्या वस्तीत कडेच्या प्रत्येक मीटरवरून भांडणं होतात, तिथे पाच मिनिटं शोधणं हे नवीन जागा मिळवण्यापेक्षा कितीतरी सोपं.

ती मिनिटं कुठे जातात? एखाद्या ट्रकच्या मागे उभं राहून घड्याळ लावलं की कळतं. प्रत्यक्ष माल उतरवायला सहा-सात मिनिटं लागतात. उरलेला वेळ शटरची किल्ली कुणाकडे आहे, माल मोजून घेणारा कुठे गेलाय, सही कोण करणार, लिफ्ट कधी येणार यात जातो. त्यामुळे दुकानदारांना बसवून घेऊन तीन गोष्टी ठरवल्या तरी बराच फरक पडतो: माल घेणारा माणूस ठरलेला, मागच्या दारापर्यंतची वाट मोकळी, आणि रिकामे क्रेट आधीच दाराशी रचलेले. उंच इमारतींत तर रस्त्यापेक्षा जास्त वेळ आत जातो. सिअ‍ॅटल म्युनिसिपल टॉवर या ६२ मजली इमारतीत खालच्या मजल्यावर पार्सलसाठी सामाईक लॉकर ठेवून पाहिले. मजल्या-मजल्यावर फिरण्याच्या तुलनेत डिलिव्हरीवाल्यांचा इमारतीतला वेळ ७८ टक्क्यांनी घटला. रस्त्याला हात न लावता लोडिंगची जागा वाढवायचा याहून सरळ उपाय नाही.

कुठे आखायचा

क्रेट किंवा गोणी घेऊन येणाऱ्या गाडीसाठी दारापासून ४०-५० मीटरच्या आत. हा आकडा हट्टाने पाळा. ६० क्रेट उतरवायचे आहेत, ट्रॉलीवर एका खेपेला सहा बसतात, म्हणजे दहा खेपा. जागा ३० मीटर लांब गेली की प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन ६० मीटर वाढतात, दहा खेपांचे ६०० मीटर. भरल्या ट्रॉलीचा वेग सेकंदाला मीटरभर धरला तर दहा मिनिटं. तुम्ही दंडाची कितीही भीती घाला, दहा मिनिटं वाचत असतील तर चालक दारासमोरच थांबणार. पार्सलची गोष्ट वेगळी. पाठीवर पिशवी टाकून निघणारा माणूस १०० मीटर सहज चालतो, कारण तो एका थांब्यात दहा दारं करतो.

शक्य असेल तर चौक ओलांडल्यावर लागणारी पहिली जागा द्या. तिथे ट्रक सरळ आत शिरतो, मागे-पुढे करावं लागत नाही. चौकाच्या अलीकडची जागा बाहेर पडायला सोपी वाटते, पण उंच ट्रक तिथे भिंतीसारखा उभा राहतो आणि रस्ता ओलांडायला निघालेलं मूल मागून येणाऱ्या गाडीला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे किमान १० मीटर मोकळे सोडलेच पाहिजेत.

सायकल मार्ग असेल तर तो लोडिंगची जागा आणि फूटपाथ यांच्या मधून न्यावा, मध्ये मीटरभर रिकामी पट्टी ठेवून आणि ट्रॉलीला ओलांडायला एकच ठरलेली जागा देऊन. ट्रॉलीवाला सायकलस्वारापुढे आला तर दोघंही थांबू शकतात. मार्ग ट्रकच्या बाहेरून काढला तर प्रत्येक ट्रक आत येताना आणि बाहेर पडताना सायकलवाल्याच्या वाटेत आडवा येतो.

माप आणि जमीन

साडेसात मीटरच्या ट्रकला साडेसात मीटरची जागा आखणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. टेल-लिफ्ट, म्हणजे माल उतरवायची मागची वर-खाली होणारी फळी, उघडली की मागे दीड-दोन मीटर लागतात, त्यामागे ट्रॉली वळवायला आणखी मीटरभर, शिवाय आत शिरायला थोडा वाव. एकूण १२ मीटर धरा. व्हॅनला सात मीटर पुरतात. रुंदी २.७ ते ३ मीटर. ट्रकची बॉडी अडीच मीटरच्या आसपास असते आणि आरसे त्याबाहेर येतात. मध्ये रेषा मारून तुकडे पाडू नका. सलग २४ मीटरच्या पट्टीत दोन ट्रक बसतात किंवा तीन व्हॅन, आणि येणाऱ्या गाड्या आपापसात जमवून घेतात. तुकडे पाडले की एका तुकड्यात छोटी व्हॅन आणि उरलेली जागा कुणाच्याच कामाची नाही.

काम खरं होतं ते गाडीच्या मागच्या दोन मीटरमध्ये, आणि तिकडेच कुणाचं लक्ष नसतं. मालाने भरलेला चाकांचा पिंजरा कित्येकदा ४०० किलोच्या आसपास भरतो आणि त्याची चाकं तळहाताएवढी. दोन सेंटिमीटरची कड आली तरी तो जागीच अडतो. मग दोघं जण त्याला मागे खेचून जोर लावून आपटतात. रहिवाशांना पहाटे ऐकू येतो तो आवाज हाच. फूटपाथ १५ सेंटिमीटर उंच असेल तर एकास बारा उताराने १.८ मीटर लांबीचा रॅम्प होतो. तो गाडीच्या मागे यायला हवा. गाडीच्या मधोमध केलेला रॅम्प ट्रकच्या आड जातो आणि वापरलाच जात नाही. गटाराच्या जाळीच्या फटी चाकांच्या दिशेला आडव्या असाव्यात, उभ्या असतील तर चाक आत फसतं. खांब, झाडाचं आळं, कचरापेटी यांतलं काही त्या दोन मीटरमध्ये येत असेल तर पट्टी सरकवा. उभ्या वजनाने आणि सांडलेल्या डिझेलने डांबर खचतं, म्हणून जमीन काँक्रीटची बरी.

फूटपाथवर माल उतरवून ठेवायची सवय कशी मोडायची, असं नेहमी विचारलं जातं. पट्टीला लागून चालण्याच्या वाटेबाहेर दोन-तीन चौरस मीटर वेगळे दाखवा. माल कुठेतरी टेकवावा लागतोच. जागा दिली नाही तर तो व्हीलचेअरच्या वाटेत येणार.

वेळा

कमाल ३० मिनिटं ही मर्यादा बहुतेक वस्त्यांना जमते. घरसामान हलवणाऱ्यांसाठी आधी परवानगी घेऊन जास्त वेळ द्यावा. तीच पट्टी रात्री रहिवाशांना द्यायला हरकत नाही. पॅरिसमध्ये लोडिंगच्या दोन तऱ्हा आहेत: दुहेरी पिवळ्या रेषेची जागा कायम मालासाठी राखीव, आणि साध्या पिवळ्या रेषेच्या जागेत रात्री ८ ते सकाळी ७ मोटारी लावता येतात. चालकाला फलक वाचावा लागत नाही, रेषाच सांगते. एका पट्टीला दिवसात दोनपेक्षा जास्त वापर लावू नका. तीन ओळींचा फलक चालत्या गाडीतून कुणी वाचत नाही.

वाटून घेतलेल्या जागेचा सगळा घोळ सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात होतो. मोटारींची मुदत ७ ला संपते आणि पहिला ट्रकही ७ ला येतो. एक मोटार उशिरा निघते, ट्रक दुसऱ्या रांगेत लागतो, आणि त्याला पाहून पुढचे चार तेच करतात. मोटारींची मुदत पहिल्या ट्रकच्या तासभर आधी संपवा आणि सुरुवातीचे काही आठवडे टोइंगची गाडी त्या तासातच फिरवा.

दिवसाची गर्दी टाळून रात्री माल आणायची युक्ती जुनी आहे. ज्युलिअस सीझरच्या काळातल्या रोममध्येही दिवसा बहुतेक मालवाहू गाड्यांना बंदी होती. अडचण तेव्हाही आवाजाचीच. नेदरलँड्समधल्या ‘पीक’ (PIEK) या माल चढवण्या-उतरवण्याच्या आवाजाच्या मानकानुसार ७.५ मीटरवरून मोजलेला आवाज संध्याकाळी ७ ते ११ मध्ये ६५ डेसिबलच्या आणि रात्री ११ ते सकाळी ७ मध्ये ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. इंजिन बंद ठेवलं तरी फाळक्याचं लोखंड, पिंजऱ्याची चाकं, शीतगृहाच्या ट्रकचा कॉम्प्रेसर आणि रिव्हर्सचा बीप यांतला प्रत्येक आवाज ही मर्यादा एकटा ओलांडू शकतो. टेल-लिफ्टच्या कडेला रबर, मऊ चाकं, वाटेवर चटई आणि रिव्हर्स न घेता आत शिरता येईल अशी जागा, एवढं जमल्याशिवाय रात्रीची परवानगी देऊ नये.

विरोध आणि दंड

‘आमच्या पार्किंगच्या दोन जागा गेल्या’ ही तक्रार येणारच, आणि ती खरी आहे: १२ मीटर म्हणजे दोन मोटारी. तिथे पूर्वी दिवसभरात कितीदा मोटारी बदलत होत्या ते तुमच्या मोजणीतून दाखवा. बारा मीटरची ही जागा दहा तासांत अर्धा वेळ रिकामी राहिली तरी २० मिनिटांच्या हिशेबाने १५ गाड्यांचं काम करते, आणि त्या पंधरा गाड्या नाहीतर त्याच लोकांच्या गेटसमोर उभ्या राहिल्या असत्या.

दंडाचं पुस्तक उघडण्याआधी एक तपासा: ट्रक दुसऱ्या रांगेत उभा असताना पट्टीत काय होतं? मोटारी असतील तर दंड मोटारींना. ट्रकच भरलेले असतील तर जागा कमी पडतात किंवा गाड्या फार वेळ थांबतात, दंडाने काही होणार नाही. पट्टी रिकामी असेल तर ती लांब आहे, किंवा आत शिरता येत नाही. मोठ्या कंपन्या दंड हा धंद्याचा खर्च म्हणून लिहून टाकतात. एकट्या टेम्पोवाल्याची मात्र दिवसाची कमाई त्यात जाते.

काँक्रीट ओतायच्या आधी सहा आठवडे रंग आणि प्लास्टिकच्या खुंट्यांवर चालवून बघा. मग त्याच वारी, त्याच वेळांत मोजणी परत करा, आणि या वेळी शेजारच्या दोन गल्ल्याही धरा. मुख्य रस्ता मोकळा झाला आणि शाळेसमोरची गल्ली ट्रकने भरली, असं बऱ्याचदा होतं आणि फक्त मुख्य रस्ता मोजणाऱ्याला ते यश वाटतं. पुढची मोजणी वर्षाने केली तरी चालेल, मात्र एखादं मोठं दुकान बदललं की लगेच करा. कपड्यांच्या दुकानाला आठवड्यात एक-दोनदा माल येतो. त्याच गाळ्यात खानावळ सुरू झाली की भाजी, दूध, बर्फ, गॅस आणि पाव अशा पाच वेगळ्या गाड्या रोज येतात, त्याही सकाळच्या त्याच दोन तासांत.