नवीन भाग लोड होताना गेम अडखळणे : रॅम ड्राइव्हने सुटलेला प्रश्न

लक्षण : नकाशाचा नवा भाग आला की गेम दोन-तीन सेकंद गोठायचा आणि टास्क मॅनेजरमध्ये हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर दिसायची. ग्राफिक्स कमी केले, ड्रायव्हर बदलला, डीफ्रॅग केले. काही फरक नाही. तीन रविवार यात गेले, फार वैताग आला.

मग गेमच्या फाइली संथ हार्ड डिस्कऐवजी वेगवान रॅममधून वाचायच्या ठरवल्या. माझी रॅम १६ जीबी. अख्खा गेम त्यात मावणार नव्हता, पण अडखळण गेमच्या डेटा फोल्डरमुळे होती आणि ते जेमतेम ५ जीबीचे.

आधी इमडिस्क या प्रोग्रामने ६ जीबीचा रॅम ड्राइव्ह (रॅमचा डिस्कसारखा वापरायचा भाग) केला, विंडोजचा नेहमीचा एनटीएफएस फॉरमॅट, ड्राइव्हचे अक्षर आर. डेटा फोल्डर त्यावर कॉपी केले. मग मूळ फोल्डरचे नाव बदलले (डिलीट करू नका!) आणि अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एमकेलिंक ही कमांड वापरून जुन्या नावाचे जंक्शन (दुसऱ्या फोल्डरकडे नेणारा दुवा) आर ड्राइव्हवरच्या फोल्डरकडे वळवले. गेम सुरू केला, गोठणे बंद.

पीसी बंद केला की रॅममधले सगळे पुसले जाते. त्यामुळे दर वेळी खेळण्याआधी ड्राइव्ह तयार करून फोल्डर पुन्हा कॉपी करावे लागते. ते काम मी बॅच फाइलला (कमांड एकापाठोपाठ चालवणारी फाइल) दिले आहे. सेव्ह फाइल त्या फोल्डरमध्ये नाहीत ना, हे आधी तपासा. अपडेट मूळ फोल्डरवरच करा. फ्रेमरेट मात्र वाढत नाही.