रिट्राय लिहिण्याआधीची तयारी: एपीआय क्लायंट लायब्ररीसाठी

रिट्राय म्हणजे फसलेली रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवणं. त्याआधी टाइमआउटपासून, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची या मर्यादेपासून, सुरुवात करा. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत तो आपण दिला नाही तर लागतच नाही; गो भाषेतल्या एचटीटीपी क्लायंटमध्येही टाइमआउट शून्य ठेवला तर तो अमर्याद धरला जातो. सर्व्हरने कनेक्शन घेतलं आणि उत्तर दिलंच नाही, तर थ्रेड तिथेच अडकतो आणि एरर न आल्यामुळे रिट्रायची पाळीही येत नाही. कनेक्ट (जोडणी होईपर्यंतचा) आणि रीड (उत्तराची वाट बघण्याचा) हे दोन टाइमआउट वेगळे ठेवा. कनेक्टला ३ सेकंदांच्या आसपास पुरतात; रीडचा आकडा त्या एपीआयला नेहमी किती वेळ लागतो ते बघून ठरवा. रिक्वेस्ट्समधला रीड टाइमआउट अख्ख्या उत्तरासाठी नसतो, सर्व्हरकडून काहीच न येण्याच्या काळासाठी असतो. सर्व्हर थोडेथोडे बाइट सोडत राहिला तर तो कधीच लागणार नाही. म्हणून सगळे प्रयत्न आणि मधलं थांबणं धरून एक एकूण मुदत ठेवा आणि ती मोनोटॉनिक (फक्त पुढेच जाणाऱ्या) घड्याळाने मोजा, कारण सिस्टिमची वेळ मध्येच मागेपुढे होऊ शकते.

मग एररची वाटणी करा. सर्व्हरच्या उत्तरात एक स्टेटस कोड असतो. ४००, ४०३, ४०४, ४२२ (रिक्वेस्टमध्येच चूक, परवानगी नाही, सापडलं नाही अशी कारणं) यांना रिट्राय नको; तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवून उत्तर बदलत नाही. ४०१ (ओळख पटली नाही) आल्यास टोकन नवं घेऊन एकदाच पाठवा. ४०८, ४२९, ५०२, ५०३, ५०४ (वेळ संपली, रिक्वेस्ट फार झाल्या, सर्व्हर तात्पुरता अडला अशी कारणं) रिट्रायच्या यादीत येतात.

खरा विचार यानंतर लागतो: ही रिक्वेस्ट दुसऱ्यांदा पाठवली तर नुकसान होईल का? २०२२ च्या आरएफसी ९११० (एचटीटीपीचं मानक) नुसार गेट, हेड, पुट, डिलीट या मेथड (रिक्वेस्टचे प्रकार) पुन्हा चालवल्या तरी अपेक्षित परिणाम एकदा चालवल्यासारखाच असतो; पोस्ट आणि पॅचला ही हमी नाही. डीएनएसमध्ये सर्व्हरचा पत्ता सापडला नाही किंवा कनेक्शनच नाकारलं गेलं, तर रिक्वेस्ट निघालेलीच नसते, त्यामुळे पोस्टही बिनधास्त पुन्हा पाठवा. रीड टाइमआउट आला किंवा कनेक्शन मध्येच तुटलं, तर सर्व्हरने काम केलेलं असू शकतं आणि फक्त उत्तर हरवलेलं असतं. इथे डोळे झाकून रिट्राय केला की एकाच ऑर्डरच्या दोन ऑर्डरी होतात. त्यासाठी आयडेम्पोटन्सी की (ही तीच रिक्वेस्ट आहे हे सर्व्हरला ओळखू देणारा खास क्रमांक) लागते, आणि ती रिट्रायच्या लूपच्या बाहेर एकदाच तयार करायची. लूपच्या आत तयार केली तर प्रत्येक प्रयत्न सर्व्हरला नवा वाटतो आणि कीचा काहीच उपयोग राहत नाही. समोरचा एपीआय ही की मानतो का आणि किती वेळ लक्षात ठेवतो, हे त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये आधी बघा. मानत नसेल तर पोस्टचा रिट्राय बंद ठेवून निर्णय लायब्ररी वापरणाऱ्यावर सोडणंच प्रामाणिक. डिलीटच्या दुसऱ्या प्रयत्नाला ४०४ आलं, तर बहुधा पहिल्याच प्रयत्नात काम झालेलं असतं. ते अपयश म्हणून कळवू नका.

रिक्वेस्टची बॉडी (सोबत पाठवलेला मजकूर) फाइल किंवा स्ट्रीम असेल तर ती सुरुवातीला परत नेता येते का हे तपासा. पहिल्या प्रयत्नात ती वाचून संपते आणि दुसऱ्या वेळी रिकामी बॉडी जाऊ शकते.

दोन प्रयत्नांमध्ये थांबण्याचा वेळ अर्ध्या सेकंदापासून दुप्पट करत न्या, ३० सेकंदांवर रोखा आणि प्रत्यक्षात शून्य ते तेवढ्या वेळातला कुठलाही रँडम आकडा घ्या. जिटर, म्हणजे हा रँडमपणा, नसेल तर एकाच क्षणी अपयशी ठरलेले हजारो क्लायंट पुन्हा एकाच क्षणी धडकतात आणि सावरू पाहणारा सर्व्हर परत कोसळतो. रिट्राय-आफ्टर हेडर (किती थांबायचं ते सर्व्हर यात सांगतो) आला तर तो पाळा. तो कधी सेकंदांत येतो, कधी तारखेत, दोन्ही वाचता आले पाहिजेत. सांगितलेली वेळ उरलेल्या मुदतीत बसत नसेल तर उगाच थांबू नका, ती वेळ एररमध्ये घालून परत द्या. पायथनच्या यूआरएललिब३ मध्ये बॅकऑफ फॅक्टर (थांबण्याचा वेळ ठरवणारा आकडा) मुळात शून्य असतो. तो दिला नाही तर प्रयत्न लागोपाठ होतात.

एकातून दुसऱ्याला कॉल करणाऱ्या थरांपैकी रिट्राय एकाच थरात ठेवा. तीन थरांत प्रत्येकी ३ प्रयत्न असले तर सगळ्यात खालच्या सर्व्हिसवर २७ रिक्वेस्ट आदळतात. म्हणूनच तुमच्या लायब्ररीत रिट्राय पूर्ण बंद करायची सोय हवीच.

पुढचा प्रयत्न करण्याआधी फसलेल्या प्रयत्नाचा रिस्पॉन्स वाचून संपवा किंवा बंद करा, नाहीतर कनेक्शन पूल (पुन्हा वापरायला ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) भरून जातो. लॉगमध्ये प्रयत्नाचा क्रमांक, स्टेटस आणि थांबलेला वेळ लिहा, ऑथोरायझेशन हेडर झाका. शेवटच्या एररमध्ये मूळ कारण आणि झालेले प्रयत्न दोन्ही दिसू द्या.

टेस्टसाठी घड्याळ आणि स्लीप बाहेरून देता येतील अशी रचना करा, म्हणजे टेस्टला खरोखर थांबावं लागत नाही. आणि एक नकली सर्व्हर असा लिहा, जो नोंद करतो पण उत्तर देण्याआधी कनेक्शन तोडतो. तीच की घेऊन दुसरा प्रयत्न आल्यावर त्याच्याकडे एकच नोंद उरली, तरच पोस्टचा रिट्राय रिलीझमध्ये जाऊ द्या.