कोल्हापुरात नव्याने सेवेला आलात? या चुका टाळा

मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं व्यासपीठ आणि संदेश येतो. पण तरुण सेवकाबद्दल पहिल्या वर्षात चर्चच्या पाळकसाहेबांच्या कानावर ज्या तक्रारी जातात, त्यांत संदेश क्वचितच असतो. पोरगं चांगलं आहे, पण कधीही येतं. प्रार्थना संपतच नाही. आमच्या घरातलं मागच्या गल्लीत कसं कळलं? असल्याच गोष्टी जास्त. प्रशिक्षणात बोलायला शिकवलं जातं. इथला माणूस मात्र आधी तुमचं येणं-जाणं बघतो आणि मग ठरवतो, तुमचं ऐकायचं की नाही.

घरभेटीची वेळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. संध्याकाळी सहा-साडेसहा ही वेळ तुमच्या वेळापत्रकात मोकळी दिसते. कोडोलीकडं किंवा करवीरमधल्या कुठल्याही गावात ती धारा काढायची आणि डेअरीला दूध घालायची वेळ. घरातली बाई गोठ्यातून हात पुसत येणार, "बसा की, च्या टाकते" म्हणणार आणि तिचं सगळं लक्ष म्हशीकडं असणार. शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्रीत जाणाऱ्यांचं आणखी वेगळं. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी दहाला गाढ झोपलेला असतो आणि तुम्ही आलात म्हणून त्याला उठवलं जातं. तो हसून बोलतो, म्हणून त्याला आवडलं असं समजू नका.

प्रत्येक घरापुढं कुणाची कोणती पाळी, धारेची वेळ आणि सुट्टीचा वार लिहून ठेवा. निघण्याआधी फोन करा. फोनवर "येऊ का?" विचारलं तर कुणी नको म्हणत नाही. "आज आठला बरं पडेल की उद्या?" असं विचारलं की खरं उत्तर मिळतं.

घरात बाई एकटी असेल तर सेवेतल्या तरुण भावानं दारातूनच विचारपूस करून परतावं. सेवेतल्या बहिणींनी महिला मंडळातल्या एखाद्या मावशींना बरोबर घ्यावं. यात कुणावर संशय नाही, पण गल्लीला डोळे असतात.

चहाला नाही म्हणू नका, अर्धा कप मागा. साखर कमी मागायच्या भानगडीत पडू नका. गुळाच्या जिल्ह्यात ती विनंती कुणी मनावर घेत नाही. "जेवून जावा" मात्र एकदा ऐकलं म्हणून लगेच बसू नका. तिसऱ्यांदा म्हटलं की ते खरं.

प्रार्थनेतून बातमी फुटते

"हे प्रभू, अमक्या बहिणीच्या मुलीचं लग्न मोडलंय, तिला धीर दे." मनापासून केलेली ही प्रार्थना दुसऱ्याच घरात झाली की संध्याकाळपर्यंत सगळ्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, जाते. माझ्या मते तरुण सेवकांच्या हातून होणारं हे सगळ्यात मोठं नुकसान, कारण करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. ज्या घरात बसलात, त्या घरासाठी मागा. सुरू करण्याआधी विचारा, "कशासाठी मागू?" दुसऱ्यांची नावं घ्यायचीच असतील तर आजार, कर्ज आणि भावकीचं भांडण त्यात येऊ देऊ नका. व्हॉट्सॲपवरच्या प्रार्थना गटालाही हाच नियम. तिथं तर स्क्रीनशॉट राहतो.

गोष्ट फुटलीच असेल तर आधी पाळकांना सांगा, मग त्या घरी स्वतः जा. फोनवर मिटवू नका. "मी तसं म्हणालो नव्हतो" इथून सुरुवात केलीत तर तिथंच संपलं.

आणि थोडक्यात मागा. बऱ्याचदा कुकर गॅसवर असतो. घरात आजोबा असतील तर शेवटची प्रार्थना त्यांना करायला सांगा.

दवाखान्यात

सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात एका पेशंटशेजारी दुसरे कितीतरी असतात. मोठ्यानं प्रार्थना सुरू केली की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक अस्वस्थ होतात आणि सिस्टर तुम्हाला बाहेर काढतात, ते बरोबरच करतात. नातेवाइकांना विचारा, हळू आवाजात मागा, दहा मिनिटांत निघा. डबा हवा का, रक्ताची सोय झाली का, हे विचारणंही सेवाच.

"औषध बंद करा, विश्वास ठेवा" हे वाक्य कधीही तोंडातून जाऊ देऊ नका. १८५२ मध्ये मिशनरी रॉयल वायल्डर कोल्हापुरात आले आणि त्यांनी शाळा काढल्या. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं. या भागात मिशनचं नाव शाळा आणि डॉक्टरांमुळं टिकलंय, ते असल्या एका वाक्यानं जातं. कायद्याचंही भान हवं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, आणि चमत्काराचा देखावा करून पैसे मिळवणं हाही.

पुराच्या मदतीत पत्रकं नकोत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं काय केलं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. पुन्हा तशी वेळ आली तर तांदळाच्या पिशवीत पत्रक घालू नका. उपाशी माणसाला ते आमिष वाटतं आणि बघणाऱ्यालाही. संविधानाचं कलम २५ धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून. या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये स्पष्ट केलं आहे. शेजारच्या मुलांना नाताळच्या गाण्यांना बोलवायचं असेल तर आधी त्यांच्या आईवडिलांना विचारा. स्पीकर रात्री दहाच्या आत बंद.

पैसे

अर्पण कुणी रस्त्यात हातात दिलं तरी खिशात ठेवू नका. त्याच दिवशी खजिनदारांकडं द्या आणि देणाऱ्याच्या नावानं पावती फाडून घ्या. स्वतःच्या गुगल पेवर मंडळीचा एक रुपयाही घेऊ नका, "नंतर देतो" म्हणून तर अजिबात नको. यावर जास्त बोलायची गरज नाही.

खोलीतला जोडीदार

दोघांना एकत्र ठेवलं की पहिलं भांडण बहुधा भांड्यांवरून होतं आणि दुसरं पेट्रोलवरून. दोन्हींचा हिशेब भिंतीवर लावा. गगनबावड्याकडं जुलैत गाडीवरून जायचं असेल तर दोघांनी ठरवून, उजेड असतानाच परतायचं. सभा लांबली तर मुक्काम करा.

सुट्टी सोमवारी घ्या. रविवारी तुम्ही सकाळपासून पायावर असता, तो दिवस विश्रांतीत धरू नका. कपडे धुवा, झोपा, आईला फोन करा. ही सुट्टी मोडायची ती अंत्यविधीसाठी. हॉलच्या सजावटीसाठी बोलावलं तर मंगळवारी येतो म्हणा.